ट्रेल ट्रायथलॉन: डोंगरवाटेवरील धावण्याचा सराव पुण्यात कुठे करावा?

टेकडीकर: पोहणे आणि सायकलिंग आटोपल्यावर डोंगरवाटेने १० किलोमीटर धावायचे आहे, अशा स्पर्धेत मी नाव नोंदवले आहे. सपाट रस्त्यावर मला एवढ्या अंतराला तास लागतो. चढउतारावर किती वेळ धरावा आणि सराव कुठे करावा?

मुरूम: रस्त्यावरचा वेग विसरा, दीड तास धरलात तरी फार होणार नाही. सायकलवरून उतरल्यावर सुरुवातीची काही मिनिटे पाय लाकडासारखे जड वाटतात आणि तशात चढ लागला, तर गुडघ्यांवर हात टेकवून झपाझप चालणाराच बहुधा कमी दमून माथा गाठतो. सरावाला वेताळ टेकडी उत्तम आहे. तिथल्या एका उतारावर सुट्या मुरमावर मी लांब ढांग टाकली आणि दोन्ही तळहात सोलून घेतले. तेव्हापासून छोटी, जलद पावले टाकतो.

गडवाट: आतकरवाडीहून सिंहगडावर जाणारी पायवाटही चढाच्या सरावाला चांगली आहे, मात्र रविवारी सकाळी तिथे इतकी गर्दी असते की धावत उतरणे इतरांना धोक्याचे ठरते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून खरी दुखापत उतारच करतो. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तो टाळावा.

टेकडीकर: आभारी आहे. पावसाळ्यात?

मुरूम: शेवाळलेल्या कातळावर धावू नये. चालावे.