मदत हवी आहे: पार्कमध्ये डबा नेऊ देतात का? लिहिलेला नियम एक आणि गेटवर वेगळंच

सायली_ठा
येत्या शनिवारी जायचंय, तिकिटं काढून झालीत, पैसे परत मिळत नाहीत. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय की बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येणार नाहीत. पण सोसायटीतल्या दोघीतिघी म्हणतात लिहिलेलं असतं तसं, गेटवर नीट सांगितलं की सोडतात. मागच्या वर्षी मी असंच ऐकून गेले तर गेटवरच्या मुलीने आमचा डबा काढून बाजूच्या टेबलावर ठेवला, तिथे आधीच पंधरावीस डबे होते, थेपले काय, चिवड्याच्या बरण्या काय, फॉइलमध्ये बांधलेलं कापलेलं कलिंगड सुद्धा. आणि आमच्या मागच्या कुटुंबाची पिशवी मात्र तशीच आत गेली, मी स्वतः बघितलं. तर नक्की काय धरून चालायचं? आणि दुसरं म्हणजे मुलाची उंची दोन सेंटिमीटर कमी पडतेय, तिथे ॲडजस्ट करतात का? प्लीज लवकर सांगा, शुक्रवारी रात्री डबा करायचा की नाही ते ठरवायचंय.

गिरगांवकर६२
कुठलं पार्क ते तरी लिहा. आणि डबा नक्की कशासाठी? एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आम्ही चाळीतली सगळी मंडळी मिळून गेलो होतो, गोराईच्या खाडीतून बोटीने जायचं, बोटीत बसल्या बसल्याच सगळे डबे उघडले आणि पलीकडे उतरेपर्यंत संपवले. तेव्हा गेटवर काही प्रश्नच आला नाही. तुम्हीही बाहेर खाऊन आत जा की.

पिंटूचीआई
सायली, काही टेन्शन घेऊ नकोस. पिशवीत खाली डबा, त्यावर टॉवेल, त्यावर ओले कपडे ठेवायची प्लास्टिकची पिशवी. आम्ही चार वेळा गेलोय, चारही वेळा पराठे आत गेले. उंचीचं म्हणशील तर जाड सोलचे बूट घाल. आमच्या पिंटूला तसंच बसवलं होतं, काही झालं नाही.

यांत्रिक
पिंटूचीआई, बुटांचा सल्ला कृपा करून देऊ नका. मी सहा वर्षं राईडवर ऑपरेटर होतो. डब्याचं काय करायचं ते करा पण उंचीला हात लावू नका.
सायलीताई, कुठली राईड? मर्यादा किती? मुलगा केवढा आहे?

सायली_ठा
पार्कचं नाव इथे लिहीत नाही, मागच्या वेळी जिथे डबा काढला तेच आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये, फक्त उत्तर हवंय. डबा सासूबाईंसाठी आहे. मुलगा सात वर्षांचा, मर्यादा १२०, तो ११८. ती डोकं खाली करून फिरवणारी राईड आहे ती.

टँपा_अभय
आमच्याकडे फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं, नियमातच तसं लिहिलंय, फक्त काचेच्या बाटल्या बरण्या नकोत आणि दारू नको, त्यातही बाळाच्या खाण्याची छोटी काचेची बरणी चालते. आम्ही दर वेळी पोळीभाजीचे रोल नेतो आणि कारंज्याशेजारच्या बाकावर बसून खातो, कोणी वळूनही बघत नाही. उंचीचं मात्र तिथेही कडक. तिथल्या स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात आणि त्याच नावाच्या कॅलिफोर्नियातल्या राईडला ४० इंच पुरतात, कारण नाव एक असलं तरी राईड वेगळी. माझ्या भाचीला कॅलिफोर्नियात बसू दिलं आणि इथे नाही, ती तासभर रडत होती, पण त्या मुलाने (गेटवरच्या) काठी लावली ती लावली, परत मोजा म्हटल्यावर परत लावली आणि नाहीच म्हणाला.

सायली_ठा
अभय, छान माहिती आहे पण मी फ्लोरिडाला नाही चाललेय, ठाण्याहून बसने चाललेय.

ॲड_कोल्हापूर
कायद्याने बघायचं तर ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने थिएटरबाबत निकाल दिलाय, तो सगळ्यांनी समजून घ्या. थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, मालक बाहेरच्या खाण्याला बंदी घालू शकतो, असं कोर्ट म्हणालं आणि जम्मू-काश्मीर हायकोर्टाचा २०१८ चा उलटा आदेश रद्द केला. पण त्याच सुनावणीत थिएटरवाल्यांनी स्वतः सांगितलं की प्यायचं स्वच्छ पाणी आम्ही फुकट देतो आणि तान्ह्या बाळासाठी आईवडील बेताचं खाणं आणतात त्याला आम्ही अडवत नाही, आणि कोर्टाने ते नोंदवून घेतलं. म्हणजे बोर्डावर कुठेही न लिहिलेला अपवाद कोर्टाच्या कागदावर आला. हा मुद्दा गेटवर मांडा.

गिरगांवकर६२
साहेब, तो थिएटरचा निकाल झाला. पार्कच्या गेटवर उन्हात रांग लागलेली असताना अठरा हजार पगाराच्या मुलीला सुप्रीम कोर्ट सांगायचं? ती तिच्या सुपरवायझरचं ऐकणार.

ॲड_कोल्हापूर
थेट लागू होत नाही हे मलाही कळतं, मी तत्त्व सांगतोय. आणि तान्हं बाळ नसेल तर आजारी माणूस तरी असेल, म्हणून विचारतो, सासूबाईंना डबा का लागतो ते सायलीताईंनी अजून सांगितलेलंच नाही.

सायली_ठा
अहो, डायबेटिस आहे त्यांना! मला वाटलं ते लिहिलंय मी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. आतल्या काउंटरवर मैद्याचे बर्गर, पिझ्झा, सँडविच आणि पंजाबी थाळी, बाकी काही नाही. त्यांना ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ लागते, वेळेवर लागते. मागच्या वर्षी साडेबारा वाजता त्या बाकावर बसल्या आणि हात थरथरायला लागले, चेहरा पांढरा पडला आणि "काही नाही गं, ऊन लागलं" म्हणत होत्या, ह्यांनी धावत जाऊन लिंबू सरबत आणलं ते पण रांगेत उभं राहून. तेव्हापासून मला भीतीच बसलीये.

पिंटूचीआई
अगं मग आधी सांगायचं ना! मी उगाच टॉवेलखाली लपवायला सांगत बसले.

सिस्टर_अनघा
सायली, ह्याला ऊन म्हणून सोडू नकोस, ती साखर खाली गेली असणार. कुठलं इन्सुलिन आहे? ३०-७० मिक्स (लवकर आणि हळू काम करणारं एकत्र केलेलं) असेल तर टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत खायलाच लागतं आणि दुपारचं जेवण लांबवून चालत नाही. डबा मिळो न मिळो, त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेव, तुझ्या पिशवीत नाही, कारण तू राईडवर असशील. हात थरथरले, घाम आला की ग्लुकोमीटरने तपासायचं, ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर म्हणजे चहाचे तीन चमचे पाण्यात घालून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, तरी खालीच असेल तर परत द्यायची. मीटर जवळ नसेल तर त्याच्यासाठी थांबायचं नाही. वर आली की मग भाकरी. आणि इन्सुलिनचं पेन लॉकरमध्ये किंवा बसमध्ये तापत ठेवू नका.

सायली_ठा
३०-७० च आहे. सकाळी सातला घेतात, आम्ही साडेसहाला बसमध्ये असणार. म्हणजे नाश्ता पण बसमध्येच द्यायचा ना?

सिस्टर_अनघा
हो. नाश्त्याचा डबा हातात असेल तेव्हाच सुई, आधी नाही. आणि चालणं रोजच्यापेक्षा खूप होणार आहे, तेव्हा त्या दिवशीच्या डोसबद्दल त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचार, स्वतः कमीजास्त करू नकोस.

गिरगांवकर६२
आमच्या बंधूंनी दोन वर्षं कारल्याचा रस घेतला आणि

सिस्टर_अनघा
काका, कृपया हा विषय इथे नको. इन्सुलिनवरच्या बाईंना हे वाचून कोणी रस सुरू केला तर पंचाईत होईल.

यांत्रिक
मी उंचीचं लिहितो, थोडं लांबेल, पण लिहिणं गरजेचं आहे. लोकांना वाटतं १२० हा आकडा कोणीतरी बोर्ड रंगवताना ठरवला. राईड बनवणारी कंपनी तो आकडा देते. उंची ही फक्त बाहेरून मोजायची सोपी खूण आहे, खरं बघायचं असतं ते कमरेपासून खांद्यापर्यंतचं अंग त्या सीटमध्ये आणि पट्ट्यात नीट बसतं का. डोकं खाली करून फिरवणाऱ्या राईडमध्ये खांद्यावरून येणारा बार लहान मुलाच्या खांद्यावर टेकतच नाही, वर फट राहते, आणि उलटं झालं की पोर त्या फटीत सरकतं. दोघांना मिळून एकच लॅप बार (मांडीवर येणारा दांडा) असेल तर आणखी वाईट, तो बापाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर चार बोटं जागा मोकळी. मी रोज संध्याकाळी राईड बंद करताना प्रत्येक बार हाताने ओढून बघायचो, म्हणून मला ती चार बोटं कशी दिसतात ते माहीत आहे. बुटाचे दोन सेंटिमीटर पायाखाली येतात हो, खांद्याला येत नाहीत.
आणि सगळ्यात वाईट वाटायचं ते हे की तेच आईवडील तिकीट खिडकीपाशी मुलाला गुडघे वाकवून उभं करायचे, हाफ तिकीट बसावं म्हणून, आणि माझ्याकडे आले की त्याच मुलाला टाचा उचलायला लावायचे. तो बिचारा त्यांच्याकडे बघायचा, आता नक्की काय करू म्हणून.

पिंटूचीआई
दादा तुमचं म्हणणं पटतंय पण मग तुमच्यातलेच काही जण सोडतात त्याचं काय? आम्हाला "जाऊ द्या ताई, बसवतो" असं ऑपरेटरनेच म्हटलं होतं. आम्ही काही भांडलो नव्हतो.

यांत्रिक
सोडतात, मान्य आहे. सुट्टीत रांग दीड तासाची असते, पोरगं पुढे येऊन रडायला लागतं, मागचे ओरडत असतात आणि सुपरवायझर लांब असतो. मी पण पहिल्या वर्षी एकदा सोडलं होतं. ती राईड संपेपर्यंतची दोन मिनिटं मी बटणावरून हात काढला नाही. त्यानंतर कधी नाही.

ॲड_कोल्हापूर
म्हणूनच म्हणतो, ऑपरेटरच्या तोंडी परवानगीला काही अर्थ नाही. उद्या काही झालं तर पार्क म्हणणार आमचा बोर्ड होता.

टँपा_अभय
एक कामाची गोष्ट सांगू का, ही ठाण्यालाही लागू पडेल. डिस्नेमध्ये रायडर स्विच म्हणून सोय आहे. मूल बसू शकत नसेल तर एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राईड करून येतो आणि मग थांबलेल्याला पूर्ण रांग परत लावायला लागत नाही. आपल्याकडे लिहिलेलं नसेल पण विचारून बघा.

यांत्रिक
हे बरोबर आहे. आमच्याकडे बोर्डावर नव्हतं, पण कोणी येऊन नीट विचारलं की आम्ही दुसऱ्याला बाहेर पडायच्या दाराने घ्यायचो. ह्यात कोणाच्या जिवाला धोका नाही म्हणून देता येतं. पहिला राईडवर चढायच्या आधीच विचारायचं, नंतर नाही.

निशा_वाशी
मधेच विचारते, पाण्याच्या स्लाइडवर मंगळसूत्र काढायला लावतात का? माझी जाऊ म्हणते काळे मणी चालतात.

पिंटूचीआई
काढायला लावतात. काचेच्या बांगड्या पण. फुटल्या तर सगळे अनवाणी असतात ना तिथे. घरीच ठेवून जा. आणि कॉटनचे कपडे नको, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात म्हणून नायलॉनचेच लागतात, अंगभर असले तरी चालतात.

गिरगांवकर६२
मूळ प्रश्न राहिला बाजूला. सायलीताई, माझा सरळ सल्ला, गेटवर बोलण्यात वेळ घालवू नका. आजच पार्कला मेल करा. बुकिंग नंबर, तारीख, आजार, डब्यात काय आहे, किती माणसांचं आहे, सगळं. उत्तर आलं की छापून जवळ ठेवा. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, अपवाद मागायचा तर कागदावर मागायचा. बोलून मिळालेला अपवाद त्या दिवशीच्या माणसाबरोबर घरी जातो.

ॲड_कोल्हापूर
ह्याला माझं अनुमोदन. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तरीही अडवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सायली_ठा
मेल केला आणि फोनही केला. फोनवरची मुलगी आधी पाठ केल्यासारखं "बाहेरचं अन्न अलाऊड नाही मॅम" हेच म्हणत राहिली, मग मी इन्सुलिन म्हटल्यावर तिने होल्डवर ठेवून कोणालातरी विचारलं. आज मेलचं उत्तर आलंय. एका व्यक्तीपुरता एक डबा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, गेटवर फर्स्ट एडच्या खिडकीत नोंद करायची, औषधं आणि ग्लुकोज कितीही. हे सगळं त्यांच्याकडे आहे तर वेबसाइटवर एक ओळ लिहायला काय होतं हो? मागच्या वर्षी ती ओळ असती तर मी डबा टेबलावर ठेवून आत गेलेच नसते. आणि ज्यांना मेल करता येत नाही, इंग्रजी येत नाही त्यांनी काय करायचं? मी त्यांना हेपण लिहून पाठवलंय, उत्तर नाही आलं अजून.
उंचीबद्दल मेलमध्ये एका शब्दात "नाही" आहे.

यांत्रिक
चांगलं आहे. लेकाला सांगितलंत का? तिथे काठीसमोर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

सायली_ठा
सांगितलं काल. कपाटाच्या दाराला पाठ लावून पेन्सिलने खूण केली, सकाळी ११८ च्या थोडी वर आली आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर परत केली तर ११८ च्या खाली. त्याला वाटलं तो आखडला. रडला, मग म्हणाला आजी पण त्या राईडवर बसत नाही ना, मग मी आजीबरोबर थांबतो आणि तिला साखर देतो. पुडी त्याच्याच खिशात ठेवणार आहे एक, आजीच्या पर्समधली वेगळी.

सिस्टर_अनघा
तीन चमचे, लक्षात ठेवायला सांग त्याला. आणि खिशाला चेन असलेली पँट घाल, नाहीतर पाण्यात जाईल पुडी.

निशा_वाशी
लॉकरचं डिपॉझिट रोख लागतं का हल्ली, कोणाला माहीत आहे?