पाहावं काय, ऐकावं काय, वाचावं काय? बातमीच्या फोटोंचे अनुभव

वृत्तछायाचित्रकार, पुणे

दैनिकासाठी फोटो काढणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कुठला घेऊ? परवडेल तो घ्या आणि सुरुवातीला ३५ किंवा ५० एमएमची एकच फिक्स लेन्स लावा. झूम नसली की माणूस आपसूक दोन पावलं पुढे जातो. पण नजर तयार व्हायला काय पाहायचं, काय ऐकायचं, काय वाचायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं सांगा.

सगळ्यात आधी होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नवसारीत १९१३ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिक्षण आणि मग दिल्लीत साडी नेसून, जडशीळ स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन पुढाऱ्यांच्या गर्दीत काम. कबुतर उडवणारे नेहरू त्यांनीच टिपलेले. त्यांच्या फोटोंत मोठी माणसं अवघडलेली दिसत नाहीत, पण कुणाची आब गेलीय असंही कधी होत नाही. समोरच्यापासून अंतर किती ठेवावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

दुसरं, भोपाळ. १९८४च्या वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बाळाचा चेहरा रघु राय यांनी टिपला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. एक कृष्णधवल, दुसरा रंगीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर. मातीत उघडे राहिलेले ते डोळे दोन्हीकडे तेच. तरी कृष्णधवल फोटोत आधी शोक पोचतो आणि रंगीत फोटोत आधी पुरावा. निदान मला तरी तसं जाणवतं. कुणाला उलट वाटत असेल तर जरूर लिहा.

संगीत मैफलींचे फोटो काढते, ठाणे

दादा, ऐकण्याबद्दल मी लिहिते. माझी शिफारस एकच: विलंबित एकताल. मात्रा बाराच, पण लय फार संथ असेल तर एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढ्या वेळात नवखी मुलं धडाधड फ्रेम मारत सुटतात. कान तयार असेल तर कळतं की आता मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ उचलली, आता गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणार. हात खाली येतो, तबलजीची मान डोलते, दोघांची नजरानजर होते. फोटो तिथे असतो. बटण मात्र समेच्या किंचित आधी दाबायचं, समेवर दाबलं की उशीर झालाच. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, भीमसेन जोशी, कुणाचंही ध्वनिमुद्रण लावा आणि कॅमेरा बाजूला ठेवून नुसता हाताने ताल धरा. डिसेंबरात सवाई गंधर्वला जाणार असाल तर ही तयारी त्याआधीच करा.

आवाजाचं भान हवंच. सायलेंट शटरवर मंचाच्या एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर बहुधा जातात. मेकॅनिकल शटर असेल तर क्लिक समेवरच्या ठेक्याखाली लपवा. आलापीत चुकूनही नको. समोर बसलेली माणसं तिकीट काढून गाणं ऐकायला आलेली असतात.

वार्ताहर आणि छायाचित्रकार, नाशिक जिल्हा

ताईंनी मैफलीचं सांगितलं, मी मोर्चाचं सांगतो. मार्च २०१८चा किसान लाँग मार्च, नाशिक ते मुंबई, साधारण १८० किलोमीटर. लोकांच्या लक्षात राहिले ते रक्ताळलेले तळपाय. ते फोटो हवेच होते. पण शेवटच्या रात्री, दहावीच्या पोरांना परीक्षेला पोचायला अडचण नको म्हणून, दमलेली माणसं सोमय्या मैदानातून उठून अंधारातच आझाद मैदानाकडे चालू लागली. माझ्या लेखी त्या चालण्याच्या फोटोंचं मोल जास्त. पायाच्या फोटोत सोसणं दिसतं, इथे त्यांनी स्वतः केलेला विचार दिसतो.

मोर्चात गाणी नीट ऐका. एक जण ओळ उचलतो, बाकीचे झेलतात. झेलताना सगळ्यांच्या माना वर होतात, चेहरे उजळतात. घोषणेच्या वेळी नुसत्या मुठी मिळतात.

वाचायचं म्हणाल तर पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेली 'परी' ही ग्रामीण भारतावरची वेबसाइट. मराठीतही आहे. राबणाऱ्या माणसाचं नाव, गाव, काम, सगळं फोटोसोबत येतं. नुसतं 'एक शेतकरी महिला' लिहून भागवलेलं नसतं.

वाचक, नागपूर

मी फोटोग्राफर नाही. आकाशवाणीच्या बातम्या ऐकायची जुनी सवय आहे. तिथे चित्र नसतं, म्हणून नाव, गाव, आकडा स्पष्ट सांगावाच लागतो. फोटोओळी, म्हणजे फोटोखालचा मजकूर लिहिणाऱ्यांनी रोज एक बातमीपत्र ऐकावं.

फोटो डेस्क, मुंबई

नागपूरकरांशी शंभर टक्के सहमत. फोटोओळ वाचकाला दिसतंय तेच पुन्हा सांगत असेल तर ती जागा वाया गेली.

पाहायला छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं काम सुचवते. मुंबईच्या सफाई कामगारांच्या मागे ते वर्षानुवर्षं राहिले. गटारात उतरलेला माणूस दिसतो, तसं त्याचं घरही दिसतं. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शहराने ते फोटो पाहून मान फिरवू नये, एवढंच मला मनापासून वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती. दर पावसाळ्यात तुंबलेल्या मुंबईचे जुने फोटो 'आत्ताचा' म्हणून फिरतात. फोटो खरा मानण्याआधी उलटा शोध घ्या, म्हणजे तोच फोटो सर्च इंजिनला देऊन तो आधी कुठे आलाय ते बघा. होर्डिंगवरची जाहिरात, दुकानाची पाटी, बसचा रंग बघा. पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला की तारीख-वेळेची आतली नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

लग्नाचे फोटो काढतो, सांगली

ऑगस्ट २०१९च्या महापुरात स्थानिक पेपरला फोटो दिले. बोटी, छपरं सगळ्यांनीच काढली. पाणी ओसरल्यावर एका घरात दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी कागद वाळत घातले होते: रेशनकार्ड, सातबारा, मुलीची दहावीची मार्कलिस्ट. शाई पसरलेली, कडा चिखलाने पिवळ्या. काकू म्हणाल्या, "काढ की बाळा, पण नंबर दिसू देऊ नको." तसाच काढला. माझ्या मते पुराचा सगळ्यात खरा फोटो तोच. लग्नात आपण दागिने, रुखवत जवळून टिपतो, ती सवय कामी आली. तेव्हापासून चिखल उपसणं चालतं त्या दिवसांत मी परत जातोच.

वृत्तछायाचित्रकार, पुणे

सांगलीकर, हे फोटो जपा. प्रत्येक फाइलच्या आतच तारीख, गाव आणि काकूंची हरकत नसेल तर त्यांचं नाव लिहून ठेवा. लाइटरूम, फोटो मेकॅनिक किंवा फुकटचं डिजिकॅम, फोटोंच्या कुठल्याही अशा सॉफ्टवेअरमध्ये फोटोओळीचा रकाना असतो. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवा, तीही वरच्या मजल्यावर. २०१९चं फोल्डर याच आठवड्यात घ्या. फोटोओळी कशा लिहायच्या ते मुंबईच्या ताई सांगतीलच.