ओर्लेआंचं ड्यूकपद मुलीला का मिळालं नाही?

मंजिरी_बडोदा
नमस्कार मंडळी, दांडिया बाजारातल्या आमच्या वाचन मंडळात पुढच्या रविवारी मला फ्रान्सच्या ओर्लेआं घराण्यावर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीय. तेराव्या लुईचा भाऊ गास्ताँ, ओर्लेआंचा ड्यूक, 1660 मध्ये वारला. त्याची थोरली मुलगी म्हणजे ग्रांद मादमुआझेल, युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत बायकांपैकी एक. आणि नुसती श्रीमंत नाही हो! 1652 मध्ये, फ्रोंद नावाच्या राजदरबाराविरुद्धच्या बंडात, ओर्लेआं शहरानं दरवाजे लावून घेतले, आतले अधिकारी काही केल्या उघडेनात, तर ही बाई नदीच्या बाजूला गेली, तिथल्या नावाड्यांकडून एक दार फोडून घेतलं आणि त्या भगदाडातून आत शिरून वडिलांसाठी शहर सांभाळलं. तरी ड्यूकपद गेलं कोणाला, तर चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलीप. पण आईकडून आलेलं मोंपांसिएचं ड्यूकपद मात्र हिचंच! आईचं मिळतं आणि वडिलांचं नाही, हे कसं काय? शिवाय गास्ताँला दत्तक घेता आला नसता का, आपल्याकडे घेतात तसा?

सुरसागर_काठ
मंजिरीताई, प्रश्न फार छान विचारलात. ओर्लेआं ही गास्ताँची स्वतःची मालमत्ता नव्हतीच, ती अपानाज होती, म्हणजे राजाच्या धाकट्या मुलांना पोटापाण्यासाठी राज्यातून तोडून दिलेला तुकडा, आणि अट अशी की बापाकडून मुलाकडेच जाणार, पुरुष वंश संपला की सरळ राजाकडे परत. पहिल्यांदा 1344 मध्ये सहाव्या फिलीपनं धाकट्या मुलाला दिलं, तो 1375 मध्ये औरस मुलाशिवाय गेला, झालं परत. मग 1392 मध्ये सहाव्या शार्लच्या भावाला, त्याचा नातू 1498 मध्ये स्वतःच बारावा लुई म्हणून गादीवर बसला तेव्हा ड्यूकपद राजपदातच विरघळलं. मोंपांसिएला ही अट नव्हती, ते हिच्या आईलाही तिच्या वडिलांकडूनच आलेलं.

बडोद्यात हे समजायला सोपं जावं. खंडेराव महाराज 1870 मध्ये गेले तेव्हा जमनाबाईंना दिवस गेले होते, मुलगा होतो का यावर सगळं अडलेलं, 1871 मध्ये मुलगी झाली आणि गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांच्याकडेच राहिली. इथपर्यंत फ्रान्ससारखंच. पण 1875 मध्ये मल्हाररावांना काढल्यावर त्याच जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला आणि सयाजीराव महाराज मिळाले. अपानाजला ही वाटच नव्हती, तिथे औरस मुलगा लागायचाच.

जुना_वाडा
औरस या शब्दावर जोर द्या ताई भाषणात. 1392 वाला लुई, ज्याचा 1407 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकनं पॅरिसच्या रस्त्यात खून करवला, त्याचा एक अनौरस मुलगा होता झां. औरस थोरला मुलगा शार्ल 1415 मध्ये आझँकूरच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला आणि तब्बल 25 वर्षं कैदेत, तिथे बसून कविता लिहायचा. मागे 1429 मध्ये जोन ऑफ आर्कच्या सोबतीनं ओर्लेआं वाचवायला लढला तो हा झां. पण ड्यूक? ड्यूक कैदेतलाच राहिला, आणि झांला भावाकडून द्युनुआची काउंटगिरी मिळाली. मला या माणसाबद्दल फार वाटतं, शहर ज्यानं राखलं त्याचं नाव त्याच्या पदावर कधी लागलं नाही.

आणि गास्ताँला मुलगा झालेला बरं का, 1650 मध्ये, दुसऱ्या बायकोपासून. दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच गेला.

मंजिरी_बडोदा
जुना_वाडा दादा, मुलाचं मला माहितीच नव्हतं, हे नक्की घेते. आणि खंडेरावांचं उदाहरण दिलं की आमच्या मंडळातल्या आजीलोकांना दुसरं काही समजवायला नको. मग मादमुआझेलच्या मोंपांसिएचं पुढे काय झालं? तिला तर मूलबाळ नव्हतं.

सुरसागर_काठ
ती 1693 मध्ये गेली आणि मृत्युपत्रात मुख्य वारस केलं त्याच फिलीपला! म्हणजे जे घराणं तिला वडिलांचं पद देऊ शकलं नाही त्यालाच तिच्या आईची इस्टेट गेली. बरीचशी पुढे ओर्लेआंवाल्यांकडे टिकली आणि त्याच घराण्यातून पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या लुई फिलीपच्या धाकट्या मुलाला ड्यूक ऑफ मोंपांसिए म्हणत ते तिच्यामुळेच.

हा लुई फिलीप पक्का होता बघा. बापाला 1793 मध्ये गिलोटिनवर चढवलेलं, बरीच वर्षं परदेशात काढलेली. 1830 मध्ये राजा व्हायची वेळ आली तेव्हा त्याला बरोब्बर ठाऊक होतं की राजा झालं की आपलं सगळं राज्यात जमा होतं, म्हणून गादी स्वीकारायच्या दोनच दिवस आधी, 7 ऑगस्टला, खाजगी मालमत्ता मुलांच्या नावे करून मोकळा. अपानाज गेलीच, ती वाचणार नव्हती. पण 1852 मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन यानं नेमका तोच जुना नियम पुढे करून मुलांच्या नावावरचीही जप्त केली.