रवांडात अनाथाश्रमाची खोली बांधावी का?

इंदूरची_काकू: आमच्या सुदामानगरच्या भिशीतल्या बायकांनी गणपतीत वर्गणी काढली, रवांडातल्या अनाथाश्रमाला खोली द्यायची म्हणून. किगालीत नोकरीला असलेला भाचा म्हणतो, "मावशी, खोली नको." आता बायकांना दारावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' पाटी हवी, हे तुम्हाला सांगायला नको! पण तो असं का म्हणतो?

सराफा_खवय्या: भाचा बरोबर आहे, काकू. १९९४च्या नरसंहारानंतर तिथे भराभर अनाथाश्रम निघाले. रेड क्रॉस आणि युनिसेफने छावण्यांत मुलांचे फोटो लावून नातेवाईक शोधले, ते काम खरं मोलाचं. २०१२पासून सरकार आश्रम बंद करून मुलांना आपल्या किंवा पालक कुटुंबात पाठवतंय. आश्रमातल्या पुष्कळ मुलांचं कोणीतरी असतंच हो, फक्त खायला घालायची ऐपत नसते. खोली बांधली की ती भरायला मुलं लागतात.

राजवाडा_७: पण काकाच्या घरी पोराला गुरं राखायला लावलं तर? पाहणार कोण?

सराफा_खवय्या: प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथे प्रशिक्षित समाजसेवक आणि गावातले स्वयंसेवक घरी जाऊन बघतात. पैसे त्या कामाला, नाहीतर मुलांच्या शाळेच्या फीला आणि आरोग्य विम्याला द्या.

इंदूरची_काकू: बरं. भाच्याला विचारते, घरोघरी जाणारी कुठली संस्था आहे ते. पाटीचं मंगळवारी भिशीत बघू. देशपांडे वहिनी रुसणार, नक्की.