शब्दचर्चा: 'संघराज्य', 'राज्यसंघ' आणि 'राज्यांचा संघ'

प्रश्नकर्ती

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या बचत गटांसाठी मी एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. विषय एवढाच, की कुठलं काम कोणाच्या अखत्यारीत येतं आणि तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचं. पहिल्याच पानावर अडले. 'केंद्र सरकार' लिहू, 'भारत सरकार' लिहू की 'संघ शासन'? संविधानाच्या मराठी प्रतीत 'राज्यांचा संघ' आहे, शाळेच्या पुस्तकात 'संघराज्य' आहे. दोन्ही एकच का? आणि 'समवर्ती सूची' हा शब्द बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एकीलाही अर्थबोध झाला नाही. त्याला रोजच्या वापरातला शब्द हवा आहे.

एक अनुवादक

ताई, 'संघराज्य'पासून सुरुवात करतो, कारण तो शब्द नीट लागला की बाकीचे आपोआप सुटतात.

'राजकवी' आणि 'कविराज' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. पदं तीच, क्रम उलटा. राजकवी हा राजाच्या पदरचा कवी, कविराज हा कवींमधला राजा. अशा समासात शेवटचं पद मुख्य. हाच नियम आपल्या शब्दांना लावा. 'संघराज्य' म्हणजे संघ करून उभं राहिलेलं राज्य. मुख्य पद 'राज्य', आणि ते एकवचनी. 'राज्यसंघ' म्हणजे राज्यांनी एकत्र येऊन केलेला संघ. तिथे मुख्य पद 'संघ', राज्यं आपापल्या जागी पूर्ण सत्ताधारी. राज्यशास्त्रात फेडरेशनला संघराज्य आणि कॉन्फेडरेशनला राज्यसंघ म्हणतात ते यामुळेच. ज्याने ही जोडी पाडली त्याचा मला मनापासून आदर वाटतो. इंग्रजीत जो फरक एका उपसर्गावर तोललेला आहे, तो मराठीत पदांच्या क्रमातून दिसतो.

अमेरिकेने ही दोन्ही रूपं अनुभवली. 1781 पासून तिथली 13 राज्यं एका कराराने बांधलेली होती. त्या करारातल्या काँग्रेसला स्वतः कर बसवता येत नव्हता, पैसा लागला की राज्यांकडे मागायचा आणि ती देतील तेवढ्यावर भागवायचं. हा राज्यसंघ. 1787 साली फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली आणि 1789 पासून ती चालू झाली. आता मध्यवर्ती सरकार नागरिकावर थेट कर बसवू शकत होतं, थेट कायदा करू शकत होतं. हे संघराज्य. राज्यं तीच, माणसं तीच, पण 'संघ' आणि 'राज्य' यांनी जागा बदलल्या.

आता आपल्याकडे या. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात इंग्रजी मसुद्यात 'फेडरेशन' न घालता 'युनियन ऑफ स्टेट्स' घातलं. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्याचं कारण सांगितलं: हे संघराज्य घटक राज्यांनी आपसात करार करून झालेलं नाही, आणि करारच नसल्यामुळे कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही. म्हणजे 'युनियन' शब्द मुद्दाम घट्ट बांधणीसाठी निवडला. मराठीत त्याचं 'राज्यांचा संघ' झालं. याचाच समास करून बघा. 'राज्यसंघ' होतो! जो अर्थ टाळायचा होता, नेमका तोच शब्द हाती येतो.

यात अनुवादकाचा दोष मी धरत नाही. 'युनियन'मध्ये जोडून एकजीव होणं आहे. आपल्या 'संघ' शब्दात तसं नाही. क्रिकेटचा संघ, शिक्षक संघ, खरेदी-विक्री संघ, भिक्षूंचा संघ, सगळीकडे वेगवेगळी माणसं एकत्र आलेली असतात आणि निघूनही जाऊ शकतात. एकजीव हा अर्थ हवा असेल तर मराठी माणूस मागे 'एक' लावतो आणि 'एकसंघ' म्हणतो. म्हणून माझं मत असं: अनुच्छेद उद्धृत करताना 'राज्यांचा संघ' तसाच ठेवा, पण समजावून सांगताना 'संघराज्य' वापरा आणि एक ओळ जोडा, की यातून राज्याला बाहेर पडता येत नाही.

राज्यशास्त्राचा शिक्षक

समासाचा मुद्दा वर्गात उद्याच सांगणार. पण माझ्या विद्यार्थ्यांची खरी पंचाईत 'राज्य' या शब्दाशी होते. इंग्रजीत 'द स्टेट' आणि 'अ स्टेट' असा भेद करता येतो, आपल्याकडे दोन्हींना 'राज्य'. 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे' वाचून मुलं समजतात, ही तत्त्वं फक्त महाराष्ट्राला लागू. अनुच्छेद 12 मधलं 'राज्य' तर संसद, राज्यांची विधानमंडळं, सरकारं आणि स्थानिक संस्था अशा सगळ्यांना पोटात घेतं. खुद्द 'राज्यघटना' हा शब्द पाहा. हिंदीवाले 'संविधान' म्हणतात, आपण दोन्ही म्हणतो. एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, राज्यघटना राज्याची असेल तर देशघटना कुठंय?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या शब्दातलं 'राज्य' म्हणजे राज्यसंस्था. आणि आपल्या घटक राज्यांना स्वतंत्र घटना नाहीतच. जम्मू-काश्मीरला 1957 पासून होती, 2019 नंतर तीही राहिली नाही.

म्हणून मी वर्गात तीन शब्द वेगळे ठेवतो. महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ यांना 'घटकराज्य'. सत्तेच्या सबंध यंत्रणेला 'राज्यसंस्था'. आणि 'संघराज्य' म्हणजे या सगळ्याची रचना. नुसतं 'राज्य' मी टाळतो. मुलांच्या खेळात 'तुझ्यावर राज्य' असतं, इतिहासात 'शिवरायांचं राज्य' असतं, एका शब्दावर ओझं तरी किती टाकायचं!

प्रश्नकर्ती

सर, 'घटकराज्य' घेतला. पण 'केंद्र' की 'संघ' हे अजून बाकी आहे.

एक अनुवादक

संविधानाची मूळ मांडणी 'संघ' आणि 'राज्य' या दोन शब्दांवर उभी आहे: संघ सूची, संघ लोकसेवा आयोग, संघ राज्यक्षेत्र. 'केंद्र सरकार' ही व्याख्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणाऱ्या कायद्यात, सापडते. म्हणून तामिळनाडूत 2021 साली नव्या सरकारने 'मत्तिय अरसु', म्हणजे मध्यवर्ती सरकार, हा रूढ शब्द बाजूला ठेवला आणि 'ओन्रिय अरसु' म्हणायला सुरुवात केली. त्यावर बराच वाद झाला. मला त्या वादातला भाषेचा भाग मोलाचा वाटतो. 'ओन्रियम' हा शब्द 'ओन्रु' म्हणजे 'एक' यावरून आला आहे. 'युनियन'मधलं एक होणं त्यात आहे, जे आपल्या 'संघ'मध्ये नाही. गंमत म्हणजे तिथे पंचायत समितीच्या पातळीवरच्या पंचायत युनियनलाही ओन्रियमच म्हणतात.

पण 'केंद्र' हा शब्द घटनाबाह्य आहे असं आता म्हणता येणार नाही. 2016 च्या 101 व्या दुरुस्तीने जीएसटी (वस्तू आणि सेवा कर) परिषद आली, जिथे केंद्र आणि राज्यं एकत्र बसतात. तिच्याविषयीच्या अनुच्छेद 279-क मध्ये मतांचं वजन सांगताना 'सेंट्रल गव्हर्नमेंट' असेच शब्द आहेत. तिथे केंद्राच्या मताला एक-तृतीयांश वजन, सर्व राज्यांना मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला किमान तीन-चतुर्थांश बहुमत. म्हणजे केंद्राला डावलून काही होत नाही, आणि केंद्राला एकट्यानेही काही करता येत नाही. सत्तेची वाटणी इतक्या उघड आकड्यांत दुसरीकडे क्वचित दिसते. उपाहारगृहाच्या साध्या बिलावर ती छापलेली असते: सीजीएसटी (केंद्राचा वाटा) अडीच टक्के, एसजीएसटी (राज्याचा वाटा) अडीच टक्के. पुस्तिकेत असं एक बिल छापाच.

'केंद्र' हा शब्द आपल्याकडे ग्रीकमधून आला, संस्कृत ज्योतिषाच्या वाटेने. 'केंट्रॉन' म्हणजे टोक, कंपासचं टोक रोवतात तो बिंदू. वर्तुळाला केंद्र एकच असतं, आणि बाकी सगळं त्याच्याभोवती. सत्ता दोन ठिकाणी मुळातूनच वाटलेली असताना हा शब्द एका ठिकाणाला मध्य आणि दुसऱ्याला परीघ ठरवतो, ही माझी खंत आहे. राज्यांचे अधिकार दिल्लीने दिलेले नाहीत, संविधानाने दिलेले आहेत. हे बायकांना सांगणं शब्दापेक्षा महत्त्वाचं.

तरी ताई, पुस्तिकेत तुम्ही 'भारत सरकार' लिहा. मराठीत एक सोय आपोआप तयार झाली आहे. गाड्यांवर, पाट्यांवर पाहा: 'महाराष्ट्र शासन' आणि 'भारत सरकार'. शासकीय विश्रामगृह, शासकीय तंत्रनिकेतन दिसलं की बहुधा ते मुंबईच्या अखत्यारीतलं. तुमच्या वाचकांना ही पाटी ओळखीची आहे. 'संघ सरकार' मात्र नको. महाराष्ट्रात नुसतं 'संघ' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळीच संघटना येते. 'संघवाद' हा फेडरलिझमचा हिंदी प्रतिशब्दही त्यामुळे मराठीत घोटाळा करतो. आपण 'संघराज्य पद्धती' म्हणावं.

पणजीहून

'संघ राज्यक्षेत्र' याबद्दल थोडं. तोडायचं कुठे? 'संघराज्य-क्षेत्र' असं वाचणारे बरेच भेटतात. खरी फोड 'संघाचं राज्यक्षेत्र'. राज्यक्षेत्र म्हणजे टेरिटरी. म्हणून दोन शब्दांत जागा सोडून लिहिणं इथे सजावट नाही, त्याने अर्थ ठरतो. बोलताना आम्ही सगळे 'केंद्रशासित'च म्हणायचो. 1967 च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित, एवढं आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. 30 मे 1987 ला गोवा घटकराज्य झालं आणि दमण-दीव केंद्रशासित राहिले. तेव्हा 'घटकराज्य' हा शब्द आमच्यासाठी पुस्तकी नाही. इथे 30 मे हा घटकराज्य दिन.

एक अनुवादक

हे फार छान. आता 'समवर्ती'.

ज्या विषयांवर संसद आणि घटकराज्य दोघांनाही कायदा करता येतो, त्यांची यादी म्हणजे समवर्ती सूची. तिला मी 'सामाईक सूची' म्हणेन. सामाईक विहीर, सामाईक बांध, सातबाऱ्यावरचं सामाईक क्षेत्र: शब्द शेतकरी घरात रोजचा आहे. कायदे करण्याचे विषय वाटून देणाऱ्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मूळ 97 विषय संघ सूचीत होते, 66 राज्य सूचीत, 47 समवर्तीत. नंतर फेरफार झाले. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने शिक्षण आणि वनं हे विषय राज्य सूचीतून उचलून सामाईकात टाकले. हा बदल लहान नव्हता. स्वतःच्या मालकीच्या विहिरीवर दुसऱ्याचं नाव चढलं असं समजा.

मात्र 'सामाईक' म्हटल्यावर एक खुलासा लागेल. विहिरीवर पाळ्या ठरलेल्या असतात, इथे पाळ्या नाहीत. दोन्ही कायदे एकमेकांना छेदले तर अनुच्छेद 254 प्रमाणे संसदेचा कायदा टिकतो. अपवाद एकच: राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर तो त्या राज्यापुरता चालतो. तरीही संसद पुढे तो बदलू शकते.

उदाहरण आपल्या मातीतलंच आहे, बैलगाडा शर्यत. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणं हा विषय सामाईक सूचीत, त्यावर संसदेचा 1960 चा कायदा. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये जल्लीकट्टू (तामिळनाडूतला बैलांना काबूत आणायचा खेळ) आणि शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 साली दुरुस्ती कायदा करून राष्ट्रपतींची संमती मिळवली, तामिळनाडू आणि कर्नाटकानेही तसंच केलं. मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने तिन्ही कायदे वैध ठरवले. शर्यतीच्या बाजूने असा की विरोधात, अनुच्छेद 254 समजावून सांगायला याहून ओळखीचं उदाहरण सापडणार नाही.

प्रश्नकर्ती

'सामाईक' वाचून दाखवला. पहिल्याच वाक्याला एक आजी म्हणाल्या, "म्हणजे भांडणाचंच की!" शब्द पोचला.

आता एक अनुभव. आमच्या गटातल्या एका ताईंची ठेव एका 'मल्टिस्टेट' पतसंस्थेत अडकली. त्या जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात तीन वेळा गेल्या. चौथ्या वेळी कोणीतरी सांगितलं, ही संस्था इथल्या अखत्यारीत नाही, अर्ज दिल्लीला केंद्रीय निबंधकांकडे करा. तीन खेपांची रोजंदारी बुडाली. सहकार राज्याचा विषय ना? मग असं का?

राज्यशास्त्राचा शिक्षक

ताई, सहकारी संस्था राज्य सूचीतच आहेत. पण जिचं काम एकाहून अधिक राज्यांत चालतं अशी संस्था संघ सूचीत जाते, आणि तिला संसदेचा 2002 चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू होतो. ठेवीदाराला हे कळायचा मार्ग म्हणजे पावतीवरचा आणि पाटीवरचा 'मल्टिस्टेट' हा एक शब्द, तोही अनेकदा प्रतिष्ठेची खूण म्हणून मोठा रंगवलेला. 'अनेक राज्यांत चालते म्हणजे भक्कम असणार' असं लोकांना वाटतं. त्याचा खरा अर्थ एवढाच, की तुमचा निबंधक बदलला. हे पुस्तिकेत ठळक अक्षरात घाला, कळकळीने सांगतो.

एक अनुवादक

सरांशी पूर्ण सहमत. आणि यात आणखी एक शब्द अडखळवतो. इंग्रजीतल्या 'कोऑपरेटिव्ह फेडरलिझम'चं भाषणांत 'सहकारी संघवाद' होतं. महाराष्ट्रात 'सहकारी' म्हणजे साखर कारखाना, सूतगिरणी, पतपेढी, आणि 'सहकारी संघ' म्हणजे दूध संघ. इथला ऐकणारा भलतीकडेच जातो. 'सहकार्यशील संघराज्य' म्हणावं.

प्रश्नकर्ती

पहिल्या पानाचा मजकूर असा केला आहे, बघा:

'आपला देश संघराज्य आहे. काही कामं भारत सरकारची, काही महाराष्ट्र शासनाची, काही सामाईक. दोघांनाही अधिकार संविधानाने दिले आहेत. कुठलंही घटकराज्य देशातून बाहेर पडू शकत नाही. रेल्वे, टपाल, चलन भारत सरकारचं. पोलीस, सरकारी दवाखाना, शेतजमिनीची नोंद राज्याची. शिक्षण, जंगल सामाईक. रेल्वेत चोरी झाली तर भारत सरकारच्या रेल्वे पोलिसांकडे जा.'

एक अनुवादक

शेवटचं वाक्य सोडून सगळं उत्तम. राज्य सूचीत 'पोलीस' या विषयातच रेल्वे पोलीस धरलेले आहेत. रेल्वे दिल्लीची, पण डब्यात पाकीट मारलं तर गुन्हा नोंदवतात ते 'लोहमार्ग पोलीस', महाराष्ट्र शासनाचे. भारत सरकारचं ते 'रेल्वे सुरक्षा दल', त्यांचं मुख्य काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांचं संरक्षण. मोठ्या स्टेशनवर दोन्ही कार्यालयं असतात, पाट्या वेगळ्या. वाक्य असं करा: 'रेल्वेत चोरी झाली तर स्टेशनवर लोहमार्ग पोलीस ठाण्याची पाटी शोधा.' आणि 'सरकारी दवाखाना'ऐवजी 'शासकीय दवाखाना' लिहा, म्हणजे वरच्या ओळीतल्या 'महाराष्ट्र शासना'शी जुळेल.