कार इन्शुरन्स कॅन्सल केला, निम्म्याच्या वर कापले आणि उरलेले भलत्याच कार्डवर. मदत हवी आहे

गिरणाकाठ:
अर्जंट आहे. पॉलिसी कॅन्सल केली, भरले होते १४,७५० आणि मेसेज आला ६,३५९ रिफंड केले म्हणून. बरं ते ६,३५९ पण माझ्या खात्यात नाहीत. कस्टमर केअरवाली एकच वाक्य बोलू राहिली, सर रिफंड ओरिजिनल पेमेंट मोडला गेलेला आहे. अहो मी फोनपे केला होता, मग तिथंच यायला पाहिजे ना. कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि कृपया बँकेत चौकशी करा म्हणू नका, बँकेतूनच येऊ राहिलो.

भुसावळ पॅसेंजर:
गाडी कोणती? फुल पॉलिसी की नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती? कॅन्सल का केली, गाडी विकली का?

सातपुडा:
भाऊ थर्ड पार्टी कधीच कॅन्सल करायची नाही. बिगर इन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड, परत सापडले तर ४,०००, वर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. माझ्या मेव्हण्याला अजिंठा चौफुलीवर धरलं होतं, दोन तास उन्हात उभा.

गिरणाकाठ:
इन्शुरन्स आहे हो. दुसरी पॉलिसी आहे म्हणून तर ही कॅन्सल केली.

भुसावळ पॅसेंजर:
हे पहिल्यांदा सांगायचं ना. एका गाडीला दोन कशा काय?

गिरणाकाठ:
वॅगनआर १२००, एमएच १९. मी जळगावच्या एजंटकडून नेहमीसारखी रिन्यू केली. लहान भाऊ पुण्याला असतो, त्यानं मला न विचारता ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून दुसऱ्या कंपनीची काढून टाकली. दोन्ही एकाच तारखेला सुरू. दीड महिन्यानं लक्षात आलं. भावाची स्वस्त होती म्हणून एजंटवाली कॅन्सल केली. आता पैशाचं सांगा.

बाप्पा शिरपूर:
भाऊ, पैसा देताना पावती लिधी का? पावती नशी ते आते बोंबलीसन काय फायदा.

तापीवाला:
फोनपे कोणाला केला होता? कंपनीच्या लिंकवर की एजंटच्या नंबरवर?

गिरणाकाठ:
एजंटच्या नंबरवर. सगळे तसंच करतात.

तापीवाला:
मग लागला पत्ता. तुझे पैसे एजंटनं ठेवले आणि कंपनीला प्रीमियम त्यानं स्वतःच्या क्रेडिट कार्डनं भरला. कार्डावर पॉइंट मिळतात ना त्यांना. कंपनीच्या दप्तरी पेमेंट मोड म्हणजे ते कार्ड. कॅन्सलेशनचं पत्र मेलवर आलं असेल, त्यात काय लिहिलंय ते टाक इथं.

गिरणाकाठ:
आत्ता उघडून बघितलं. ओडी (आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग) ९,०८४, वजा ३० टक्के, रिफंड ६,३५९. टीपी (थर्ड पार्टी) ३,४१६ समोर निरंक. जीएसटी २,२५० समोर पण निरंक. मोड: क्रेडिट कार्ड, आणि शेवटचे चार आकडे. माझ्याकडे क्रेडिट कार्डच नाही!! आणि हे ३० टक्के कशाचे?

जुना विमावाला:
त्याला शॉर्ट पीरियड स्केल म्हणतात, मुदतीआधी रद्द केली की किती कापायचं ते. जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, कोष्टकच होतं. एक महिन्यापर्यंत २० टक्के कंपनी ठेवणार, दोन महिन्यांपर्यंत ३०, तीनपर्यंत ४०, असं चढत जाऊन आठ महिन्यांच्या वर गेलात तर परत काहीच नाही. तुमचा दीड महिना, म्हणून ३०. कंपनीनं मनानं काही कापलेलं नाही. मी तीस वर्षं हेच केलं.

तापीवाला:
काका, ते कोष्टक आता बाजूला ठेवा. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, जून २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे, ग्राहक कधीही, कारण न सांगता पॉलिसी रद्द करू शकतो आणि वर्षाच्या पॉलिसीत क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम प्रमाणात परत द्यायचा. दीड महिना म्हणजे वर्षाचा आठवा भाग. जीएसटी सोडून १२,५०० होतात, त्याचा आठवा भाग १,५६२, म्हणजे १०,९३८ च्या आसपास यायला पाहिजेत, जीएसटीचा परतावा वेगळा मागायचा. क्लेम घेतला होता का रे?

जुना विमावाला:
थर्ड पार्टीचे पैसे असे सुटत नसतात. कायद्यानं सक्तीचा विमा आहे तो.

तापीवाला:
दुसरी पॉलिसी चालू असल्याचा पुरावा दिला तर का सुटणार नाहीत? तुमच्याच टॅरिफमध्ये डबल इन्शुरन्सचा नियम होता ना.

जुना विमावाला:
होता. दोन वेगळ्या कंपन्या असतील तर नंतर सुरू झालेली रद्द करायची आणि दिवसांच्या हिशोबानं परतावा द्यायचा. कर्जवाल्या बँकेच्या मागणीमुळे आधीची रद्द केली तर मात्र शॉर्ट पीरियड स्केल. यांच्या दोन्ही एकाच तारखेच्या, आता नंतरची कोणती ते तुम्हीच ठरवा. बरं, अर्जात डबल इन्शुरन्स लिहिलं होतं का नुसतंच कॅन्सल करा?

गिरणाकाठ:
अर्ज एजंटनं केला. काय लिहिलं माहीत नाही. क्लेम नाही घेतला.

वरणबट्टी:
म्हणून मी म्हणतो सगळं ऑनलाइन करायचं, एजंटची कटकटच नाही. मी पाच मिनिटांत काढतो.

भुसावळ पॅसेंजर:
ऑनलाइनवाल्या भावामुळेच तर दोन झाल्या ना ह्याच्या. आणि रात्री फागण्याच्या पुढं गाडी ठोकली तर तुमचं ॲप येणार का सर्व्हेअर घेऊन?

वरणबट्टी:
एजंट तरी कुठं येतो, दिवाळीला कॅलेंडर द्यायला येतो फक्त.

सातपुडा:
फागण्यावरून आठवलं, त्या बाजूला ढाब्यावर कोणाला कळण्याची भाकरी आणि भरीत चांगलं मिळालं का? आमचे पाहुणे येऊ राहिले नागपूरहून.

बाप्पा शिरपूर:
भरीत बामनोदच्या वांग्यांचं, आणि ते पण थंडीतच. आता उन्हाळ्यात काय खाशील.

गिरणाकाठ:
भरीत नंतर!! माझे पैसे एजंटच्या कार्डावर बसलेत त्याचं काय? फोन केला तर म्हणतो कार्डाच्या बिलात ॲडजस्ट होऊन गेले, बाजाराच्या दिवशी या, कॅश देतो.

केळीबाग रावेर:
चार्जबॅक टाका, म्हणजे बँकेला सांगून कार्डाचं पेमेंट उलटं फिरवायचं. मला टीव्हीचे पैसे असेच परत मिळाले होते.

तापीवाला:
चार्जबॅक कार्डवाला टाकतो. ह्याच्याकडे कार्ड नाही म्हणून तर धागा काढला त्यानं.

जुना विमावाला:
इथं मात्र तुम्ही बरोबर आहात, गिरणाकाठ. विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी. परताव्याची रक्कम थेट विमाधारकालाच द्यायची, एजंटच्या खात्यात कोणत्याही परिस्थितीत जमा करायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच कलमात एजंटनं घेतलेला प्रीमियम सुट्टी सोडून २४ तासांत कंपनीकडे भरायचा असं पण आहे.

वरणबट्टी:
पण काका, कंपनीला काय माहीत कार्ड कोणाचं?

जुना विमावाला:
पॉलिसी एकाच्या नावाची आणि कार्ड दुसऱ्याच्या नावाचं, हे त्यांनी बघायला नको? आमच्या वेळी चेकवरचं नाव जुळलं नाही तर कॅशियर चेक हातात परत द्यायचा.

भुसावळ पॅसेंजर:
सरळ जळगावला ग्राहक आयोगात केस टाका, दोघांवर, एजंट आणि कंपनी.

जुना विमावाला:
एवढ्याशा रकमेला लगेच केस? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. फोनपेचा स्क्रीनशॉट, दोन्ही पॉलिसी, कॅन्सल चेक जोडा. त्यात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा, नाहीतर एकीचं उत्तर देऊन फाइल बंद करतात: कापलेल्या रकमेचा हिशोब, आणि पैसे माझ्या खात्यात. दाद नाही दिली तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ वर फोन. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपला भाग पुण्याकडे येतो. फी नाही, वकील चालत नाही.

तापीवाला:
आणि बाजारात जाऊन कॅश घेऊ नको. घेतलीस की तो सांगेल ६,३५९ मध्ये मिटलं. द्यायचेच असतील तर खात्यात टाक म्हण, आणि त्याला लिहून पाठव की बाकीच्या रकमेचा वाद चालू आहे. आणखी एक, नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट) दोन्ही पॉलिसींवर लावलाय का बघ, आत्ता चालू राहिलेल्या पॉलिसीवर नीट दिसला पाहिजे, नाहीतर पुढं क्लेमच्या वेळी नवीन भानगड.

गिरणाकाठ:
मेल टाकला, तक्रार नंबर आला. एजंटचा लगेच फोन, कंपनीला कशाला लिहिलं, आपले घरचे संबंध आहेत. खात्यात टाका म्हटलं तर बघतो म्हणाला. नो क्लेम बोनसचं भावाला विचारलं, तो म्हणतो फॉर्ममध्ये काहीतरी टिक केलं होतं.

जुना विमावाला:
काहीतरी म्हणजे काय? पॉलिसीचं पहिलं पान टाका इथं, नाव नंबर झाकून.

केळीबाग रावेर:
माझी टू-व्हीलरची पॉलिसी संपून चार महिने झाले, आता रिन्यू केली तर दंड लागेल का?