४ ओमचे फ्लोअरस्टँडर, पुढे अ‍ॅटमॉस: रिसीव्हर कोणता घ्यावा?

धागाकर्ता

होम थिएटरचे स्पीकर ठरले आहेत, गाडी रिसीव्हरपाशी (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी) अडली आहे. लागेल ती माहिती इथेच देतो.

पुढचे दोन: फ्लोअरस्टँडर, ४ ओम, संवेदनशीलता ८७ डेसिबल (२.८३ व्होल्ट, १ मीटर)
सेंटर: ६ ओम, ८८ डेसिबल
सराउंड: बुकशेल्फ, ८ ओम, ८५ डेसिबल
सबवूफर: १२ इंची, अ‍ॅम्प आतच
खोली: ५ × ४ मीटर. बसण्याची जागा पुढच्या स्पीकरांपासून ३ मीटर, सराउंडपासून २ मीटर.

मुख्य वापर सिनेमे, त्याखालोखाल गेमिंग कन्सोल (४के, १२० हर्ट्झ), थोडं गाणं. अ‍ॅटमॉससाठी (डॉल्बीचा, वरूनही आवाज देणारा प्रकार) छतात आधी दोन आणि नंतर चार स्पीकर घालायचा विचार आहे. किती वॅट पुरतील? ४ ओममुळे रिसीव्हरला धोका आहे का? आणि ७ चॅनलचा घ्यावा की ९ चा?

डेसिबल

आधी स्पीकरचा कागद नीट वाचू, रिसीव्हरचा मग.

संवेदनशीलता २.८३ व्होल्टवर दिली आहे. ८ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की १ वॅट होतो, ४ ओमच्या स्पीकरला दिले की २ वॅट. म्हणजे तुमच्या फ्लोअरस्टँडरचे ८७ डेसिबल २ वॅटचे आहेत, १ वॅटला ते ८४ च. हे ३ डेसिबल हिशेबात धरले नाहीत तर लागणारी पॉवर थेट निम्मी दिसते.

आता अंतर. १ मीटरवरून ३ मीटरवर आलात की मोकळ्या जागेत ९.५ डेसिबल घटतात. खोलीत भिंती आणि दुसरा स्पीकर मिळून थोडं परत देतात, त्याचे ३ धरू. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला (थिएटरसाठी ठरलेल्या प्रमाण आवाजाला) मुख्य चॅनलची शिखरं १०५ डेसिबलची असतात. ती ३ मीटरवर हवी असतील तर १०५ + ९.५ − ३ − ८४ = २७.५ डेसिबल, म्हणजे जवळजवळ ५६० वॅट प्रति चॅनल. एवढं कुठलाच रिसीव्हर देत नाही, आणि घरात त्या आवाजात कुणी सिनेमा बघतही नाही. कॅलिब्रेशननंतर (माइकने मोजून पातळ्या जुळवल्यावर) व्हॉल्यूम −१० वर, म्हणजे रेफरन्सच्या १० डेसिबल खाली, ठेवला (हाही चांगलाच मोठा आवाज आहे) तर तोच आकडा ५६ वॅटवर येतो. −१५ वर १८ वॅट.

सराउंडना २ मीटरवर, −१० ला, २० वॅट पुरे. त्यांची काळजी सोडून द्या.

म्हणजे पुढच्या जोडीला ४ ओमवर ५६ वॅट द्यायचे: व्होल्टेज १५, करंट ३.७ अँपिअर. व्होल्टेज कुठलाही बरा रिसीव्हर देईल. करंट आणि त्यामुळे होणारी उष्णता हा खरा प्रश्न आहे. बघायचं ते इथे, खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या वॅटमध्ये नाही.

खर्ज

खोक्यावरच्या वॅटबद्दल पुढे जोडतो, कारण तिथेच जास्त लोक फसतात. एकाच रिसीव्हरवर दोन आकडे असू शकतात:

"१६० वॅट" (६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, १ चॅनल चालू)
"८० वॅट" (८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, २ चॅनल चालू)

तुलना फक्त दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांची करायची. १० टक्के विकृती म्हणजे अ‍ॅम्प उघड उघड क्लिप होतो आहे (शिखरं कापतो आहे), ते ऐकण्याजोगं नसतं. शिवाय दोन्ही आकड्यांत सगळे चॅनल एकदम चालू नाहीत. पॉवर सप्लाय एकच असतो, त्यामुळे पाच-सात चॅनल एकदम खेचू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला बरंच कमी येतं. सिनेमात सगळ्या चॅनलवर शिखरं एकाच क्षणी क्वचितच येतात, म्हणून व्यवहारात निभावतं.

आतला ट्रान्सफॉर्मर कसा आहे याचा ढोबळ अंदाज वजनावरून येतो. क्लास एबीचा (पारंपरिक पद्धतीच्या अ‍ॅम्पचा) ८ किलोचा रिसीव्हर आणि १३-१४ किलोचा रिसीव्हर, दोघांवर १०० वॅट छापलेलं असलं तरी ४ ओमवर दुसराच घ्या. क्लास डी (हलका, स्विचिंग पद्धतीचा अ‍ॅम्प) असेल तर मात्र वजनावर जाऊ नका.

४ ओमचा धोका: ४ हा नाममात्र आकडा. प्रमाणानुसार प्रत्यक्ष इंपीडन्स त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३.२ ओमपर्यंत उतरू शकतो, आणि काही स्पीकर त्याहीखाली जातात. तुमच्या मॉडेलचा इंपीडन्सचा आलेख कुठे मोजलेला सापडला तर १०० ते २०० हर्ट्झ हा पट्टा आधी बघा. फ्लोअरस्टँडर बऱ्याचदा तिथेच सर्वात खाली असतात आणि सिनेमातली ताकदही तिथे भरपूर असते. रिसीव्हर जळण्याची शक्यता कमी, कारण त्याआधी तो प्रोटेक्शनमध्ये जातो: ऐन दणक्यात आवाज बंद, पुढचा दिवा लाल लुकलुकतो. हे वारंवार होत असेल तर व्हॉल्यूम कमी करा आणि हवा खेळू द्या. नुसतं बंद-चालू करत राहू नका.

समतोल

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर इंपीडन्सचं सेटिंग असतं. ते ४ ओमवर टाकलं की काम झालं ना? मॅन्युअलमध्येही तसंच लिहिलेलं असतं.

खर्ज

काम होतं, पण किंमत मोजून. त्या सेटिंगने अ‍ॅम्पची ताकद वाढत नाही, उलट आउटपुटवर मर्यादा येते, म्हणजे उष्णता आटोक्यात राहते. परिणामी ज्या स्पीकरांना जास्त पॉवर हवी त्यांनाच कमी मिळते आणि शिखरांवर क्लिपिंग लवकर सुरू होतं. मॅन्युअल ते सेटिंग सक्तीचं करत असेल तर पाळा, वॉरंटीचा प्रश्न आहे. पण खरेदीच अजून व्हायची आहे, तर असा रिसीव्हर निवडा ज्याच्या कागदावर पुढच्या चॅनलसाठी "४ ते १६ ओम" स्पष्ट लिहिलं आहे आणि ४ ओमवरचा पॉवरचा आकडा वेगळा दिला आहे. बनवणाऱ्याने तो आकडा छापला की त्याने तो भार गृहीत धरून बांधणी केली आहे असं समजायला हरकत नाही.

डेसिबल

७ की ९: छतात चार नक्की घालणार असाल तर ९ च. ७ अ‍ॅम्पवर ५.१.२ (५ मुख्य, १ सब, २ छताचे) होतं, तिथेच संपतं. ५.१.४ ला ९ अ‍ॅम्प लागतात. सबचा स्वतःचा अ‍ॅम्प आहे, तो मोजायचा नाही.

कागदावर दोन गोष्टी वेगळ्या वाचा: किती चॅनलचं प्रोसेसिंग आणि किती चॅनलचे अ‍ॅम्प. "११.२ प्रोसेसिंग, ९ अ‍ॅम्प" असेल तर उरलेल्या दोनसाठी बाहेरचा स्टीरिओ अ‍ॅम्प लागेल. मधली वाटही आहे: ७ अ‍ॅम्प, ९ चॅनलचं प्रोसेसिंग आणि प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारं आउटपुट) असलेला रिसीव्हर. पुढची ४ ओमची जोडी बाहेरच्या अ‍ॅम्पवर टाकली की आतले सात अ‍ॅम्प सेंटर, सराउंड आणि छताला पुरतात. तुमच्या स्पीकरांसाठी मला ही वाट सर्वात आवडते, कारण जड भार रिसीव्हरच्या बाहेर जातो. मात्र आतले अ‍ॅम्प असे वळवून देता येतात का, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या "अ‍ॅम्प असाइन" पानावर तपासा. सगळे देत नाहीत.

जोडणी

कन्सोलचं सांगतो.

४के १२० हर्ट्झ, १० बिट, पूर्ण रंग (४:४:४) दाबल्याशिवाय जायला ४० गिगाबिट लागतात. काही रिसीव्हरचे एचडीएमआय २.१ चे पोर्ट २४ गिगाबिटचेच असतात, त्यात हे बसत नाही. आणि सात इनपुटपैकी सगळे २.१ चे असतील असंही नाही, मागच्या पॅनेलचा फोटो मोठा करून बघा. जुना घेणार असाल तर २०२० मध्ये आलेल्या पहिल्यावहिल्या २.१ मॉडेलांपासून जपून. त्यातल्या काहींत चिपचाच दोष होता आणि ४के १२० वर काही कन्सोलचं चित्र काळं पडायचं.

दुसरा मार्ग: कन्सोल थेट टीव्हीला, आणि आवाज टीव्हीकडून ई-आर्कने (एचडीएमआय केबलमधून आवाज उलट पाठवायच्या सोयीने) रिसीव्हरला. मग रिसीव्हरच्या २.१ वर पैसे घालायची गरज उरत नाही. अट एवढीच की दोन्हीकडे ई-आर्क हवं. साध्या आर्कमधून अ‍ॅटमॉस येतो तो डॉल्बी डिजिटल प्लसमधला, म्हणजे दाबलेला. ट्रूएचडी (डॉल्बीचा काही न गमावणारा प्रकार) आणि मल्टिचॅनल पीसीएमला (उलगडलेल्या सिग्नलला) ई-आर्कच लागतं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये "पासथ्रू" (आवाज जसाच्या तसा पुढे) निवडा. ते पीसीएमवर राहिलं तर अनेक टीव्ही दोनच चॅनल पाठवतात, आणि लोक रिसीव्हरला दोष देतात. काही टीव्ही डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) पुढे पाठवतच नाहीत, म्हणून डिस्क प्लेयर असेल तर तो रिसीव्हरलाच जोडा.

केबल ४८ गिगाबिट प्रमाणपत्राची घ्या. ५ मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलचा या वेगाला भरवसा नाही, ऑप्टिकल लागते. ऑप्टिकल केबलला दिशा असते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी भिंतीत गाडली तर पुन्हा भिंत फोडणं आलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, ७ अ‍ॅम्प + प्री-आउट पटतंय. बाहेरचा अ‍ॅम्प घेताना काय बघू? आणि तोवर रिसीव्हरचे रिकामे चॅनल वापरून पुढचे स्पीकर बाय-अ‍ॅम्प करण्यात (एका स्पीकरला दोन अ‍ॅम्प देण्यात) अर्थ आहे का? वायर किती जाडीची?

खर्ज

बाय-अ‍ॅम्प: नको. दोन्ही चॅनल त्याच पॉवर सप्लायवर बसलेले, वाढीव हाताला फारसं काही लागत नाही. वर एक धोका: स्पीकरच्या मागची पितळी पट्टी काढायची राहिली तर दोन अ‍ॅम्पची आउटपुटं एकमेकांना थेट जोडली जातात.

बाहेरच्या अ‍ॅम्पचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो) बघा. गेन २९ डेसिबल असेल तर १ व्होल्टला ८ ओमवर १०० वॅट मिळतात. अनेक रिसीव्हरचे प्री-आउट १ ते १.५ व्होल्टपर्यंतच स्वच्छ असतात, म्हणून २३-२४ डेसिबल गेनचा अ‍ॅम्प त्यांना जड जातो, पूर्ण ताकदीला पोचायच्या आत रिसीव्हरच विकृती घालू लागतो. काही रिसीव्हरमध्ये आतले अ‍ॅम्प सिग्नलपासून वेगळे काढणारा प्री-अ‍ॅम्प मोड असतो. तो असेल तर चालू करा, प्री-आउटवर जास्त व्होल्टपर्यंत स्वच्छ सिग्नल मिळतो.

जोडणी

वायरचा हिशेब सोपा आहे. जाण्या-येण्याचा मिळून रोध स्पीकरच्या ओमच्या ५ टक्क्यांत ठेवायचा. ४ ओमला ०.२ ओम. शुद्ध तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर मीटरला ०.००७ ओम धरा. १० मीटर अंतर म्हणजे २० मीटर तांबं, ०.१४ ओम, बसलं. १.५ ची घेतली तर ०.२३, नाही बसत. सराउंड ८ ओमचे आहेत, त्यांना १.५ चालेल.

"सीसीए" लिहिलेली वायर म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. रोध जास्त आणि वाकवल्यावर तुटायला सोपी. भिंतीत तर मुळीच नको.

टोकं सोलताना साधारण १० मिलिमीटर सोला, तारा पिळून घट्ट करा आणि बनाना प्लग लावा. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागली की पहिल्याच दिवशी प्रोटेक्शन. जोडून झालं की रिसीव्हर चालू करण्याआधी प्रत्येक टर्मिनलकडे टॉर्च लावून बघा. लाल-काळं दोन्ही टोकांना तेच ठेवा. एक स्पीकर उलटा लागला तर खालचा आवाज (बेस) पातळ होतो आणि दोघांच्या मधून यायचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

रिसीव्हरच्या डोक्यावर १०-१५ सेंटीमीटर मोकळे ठेवा. त्यावर टीव्हीचा बॉक्स किंवा राउटर ठेवू नका. दार लावलेल्या कपाटात ४ ओम चालवायचे असतील तर पंखा अनिवार्य.

समतोल

रूम करेक्शनबद्दल (ऑडिसी, डिराक अशा, माइकने मोजून खोलीचा परिणाम सुधारणाऱ्या सोयींबद्दल) कुणीच बोललं नाही. दोन रिसीव्हरांमध्ये २० वॅटचा फरक म्हणजे जेमतेम १ डेसिबल. खालच्या आवाजात (बेसमध्ये) खोली जे बिघडवते ते सहज १० डेसिबलचं असतं. तेव्हा पैसे इथे घाला. ऑडिसी असेल तर एक्सटी३२ ही आवृत्ती बघा, साध्या मल्टईक्यूपेक्षा सबच्या पट्ट्यात ती बरंच बारीक काम करते. डिराक लाइव्ह असेल तर ५०० हर्ट्झपर्यंतचा परवाना आहे की पूर्ण, ते विचारा. खालच्या पट्ट्यापुरतं पहिलंही पुरतं. पुढे दुसरा सब घ्यायचा असेल तर "दोन सब आउट" खरंच स्वतंत्र आहेत का तेही तपासा. स्वस्त मॉडेलांत एकच सिग्नल दोन भोकांतून दिलेला असतो.

डेसिबल

बरोबर, हे वर यायला हवं होतं. कॅलिब्रेशन करताना माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवलात तर उशीच्या परावर्तनाचं मोजमाप होतं. पहिली जागा मुख्य बैठकीची, बाकीच्या तिच्याभोवती अर्ध्या मीटरच्या आत. सबचा व्हॉल्यूम आधी रिसीव्हर सांगेल तिथे, साधारण ७५ डेसिबलला आणा, आणि सबवरचा क्रॉसओव्हर (सब किती हर्ट्झपर्यंत वाजेल ती मर्यादा) शेवटपर्यंत उघडा.

मोजणी झाली की रिसीव्हर तुमच्या फ्लोअरस्टँडरना "लार्ज" (सगळा बेस स्वतः वाजवणारे) म्हणेल. तसं ठेवू नका. "स्मॉल" करा आणि ८० हर्ट्झ द्या, म्हणजे खालचा सगळा जोर सबच्या अ‍ॅम्पवर जातो आणि ४ ओमचा बोजा हलका होतो. क्रॉसओव्हर मोजलेल्यापेक्षा वर नेला तर चालतो, खाली आणू नका, तिथे स्पीकरही कमी पडतो आणि ऑडिसी असेल तर त्याची दुरुस्तीही नसते. एलएफईचा (सिनेमातल्या खास बेस चॅनलचा) फिल्टर १२० वरच राहू द्या.

सबचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा मीटर-दीड मीटर जास्त दाखवेल. ते चुकलेलं नाही, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. तो आकडा हाताने "दुरुस्त" करू नका.

धागाकर्ता

ठरलं: ७ अ‍ॅम्प, ९ चॅनल प्रोसेसिंग, प्री-आउट, एक्सटी३२ किंवा डिराक, कागदावर ४ ओम. कन्सोल टीव्हीला, ई-आर्क. टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये डीटीएस पुढे जातं का ते आधी बघतो, त्यावर प्लेयर कुठे लावायचा ते ठरेल.